वार, मूठ आणि अंगण

'वार लावून शिकलो' असे जुन्या पिढीतले कोणी म्हणाले, तर आज नातवंडांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. गरीब घरचा मुलगा शिक्षणासाठी शहरात यायचा. राहायला कोणाची तरी पडवी, देवळाची ओवरी किंवा जिन्याखालची जागा मिळायची. जेवणासाठी तो सात घरे गाठायचा. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे, असा आठवडा भरला की वार लागले. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास, नाहीतर चुरमुरे. वार मिळाले नाहीत तर माधुकरी होतीच; झोळी घेऊन दारोदार जायचे आणि मिळेल ते कोरडे-ओले एकत्र करून खायचे. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची सुरुवातीची वर्षे मुलांच्या माधुकरीवरच निघाली. कोकणातून आणि देशावरून आलेल्या कितीतरी वकिलांचे, शिक्षकांचे आणि मामलेदारांचे शिक्षण अशा परक्या ताटांवर झाले.

या पद्धतीचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले आहे आणि ते सगळेच खोटे नाही. स्वतःच्या घरी जेमतेम असताना आठवड्यातून एक ताट परक्या मुलासाठी वाढणारी माउली थोर होतीच. परंतु वार लावून शिकलेल्यांच्या आठवणी ऐकल्या की त्यांत ताटापेक्षा ताट कुठे मांडले जाई हे अधिक येते. पंगतीत की पंगत उठल्यावर? गरम की सकाळचे? जेवणाआधी पाणी भरायचे की जेवणानंतर बाजारहाट करायची? वारात देणारा आणि घेणारा एकमेकांना पुरते ओळखत असतात. देणाऱ्याला आपण कोणाला दिले ते माहीत असते आणि घेणारा ते जन्मभर विसरू शकत नाही. शिवाय वार लागायचे ते जात पाहून. सोवळ्याच्या घरात ज्याला पाटावर बसवता येईल त्यालाच वार. ज्याची सावली चालत नव्हती त्याच्यासाठी आठवड्यात एकही वार नव्हता. मुलींचा तर प्रश्नच उद्भवला नाही.

मी सरावलीत राहतो. बोईसर स्टेशन आणि तारापूरची औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने फुगलेले हे गाव आहे. पाड्यांवरची जुनी वस्ती आणि उत्तर प्रदेश, बिहार, खानदेश, विदर्भ इथून कारखान्यांच्या ओढीने आलेली कुटुंबे आता एकाच रस्त्यावर भाजी घेतात. जून लागला की इथे वह्यावाटपाचे फ्लेक्स लागतात. मंडळे, वाढदिवस साजरे करणारे, निवडणुकीला उभे राहू पाहणारे, सगळेच वह्या वाटतात. पैसा बहुधा वर्गणीचा, म्हणजे चार जणांनी मिळून उभा केलेला असतो, आणि तो मुलांपर्यंत पोचतोही. तरी फ्लेक्सवर वही देणारा हात, वही घेणारा हात आणि मधे कॅमेऱ्याकडे बघणारे सात-आठ चेहरे दिसले की मला वार आठवतो. लोकांनी एकत्र येऊन वस्तीतल्या पोरांना हात द्यायचा, ही गोष्ट महाराष्ट्रात नवी नाही. तो हात कसा द्यायचा याचे शोध मात्र वेळोवेळी लागत गेले आणि त्यांतले काही फार अवघड होते. त्यांचा माग काढावा असे या फ्लेक्सांमुळेच वाटू लागले.

एकत्र शिजवण्याची एक सुरुवात दुष्काळात सापडते. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम उघडला आणि त्यासाठी जोतीराव फुले यांनी लोकांना मदतीचे आवाहन केले. तिथे मुलाला घरोघर जायचे नव्हते. मदत एका ठिकाणी येत होती आणि तिथे शिजत होती. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांचा धडाका लावला. १९०१ मध्ये मराठा आणि जैन, नंतर मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. महाराजांनी जागा व उत्पन्ने दिली, त्या त्या समाजाने भर घातली. मुलांची उघडी उपासमार थांबली. पण प्रत्येक जातीचा वाडा वेगळा, चूल वेगळी. महाराजांना हे कळत नव्हते असे नाही. जातीच्या नावाने हाक मारल्याशिवाय त्या काळी समाजाच्या खिशातून पैसा निघत नव्हता, असे मला वाटते.

यातल्याच जैन वसतिगृहात कुंभोजचा एक आडदांड मुलगा राहत होता, भाऊराव पायगोंडा पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर विटाळ गेला पाहिजे म्हणून आंघोळ करायला सांगितले, ती त्याने नाकारली आणि वसतिगृहाबाहेर पडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. एका बादली पाण्याचा हा वाद पुढच्या पन्नास वर्षांवर पसरला.

मधे एक आडवळण घेतो, कारण पैसाफंडाला वगळून पुढे जाणे बरोबर नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या शिक्षकाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. प्रत्येकाने एक पैसा द्यायचा, आणि तो जमा करण्यासाठी स्वयंसेवकांनी जत्रांत, लग्नांत, बाजारांत फिरायचे. या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचकारखाना उभा राहिला, आणि तो नुसता कारखाना नव्हता, तरुणांना काचकाम शिकवणारी शाळा होता. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशांत शिकून आलेला जाणकार तिथे मिळाला. इथे मला मोलाची वाटते ती रक्कम. एका पैशावर कोणाचे नाव कोरायचे? देणगी इतकी लहान ठरवली की श्रीमंतालाही मिरवता येऊ नये आणि गरिबालाही लाजावे लागू नये.

भाऊरावांनी तेच धान्याच्या बाबतीत केले. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेड्यापाड्यांतून हिंडले होते. शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा वर्षातून एकदा, सुगीला दिसतो आणि सावकार तो दारातूनच घेऊन जातो, हे त्यांनी पाहिले होते. धान्य मात्र रोज दळले जाते. म्हणून मूठफंड. दळायला बसताना बाईने एक मूठ ज्वारी किंवा बाजरी वेगळ्या मडक्यात टाकायची; ठरलेल्या दिवशी कार्यकर्ते किंवा वसतिगृहातली मुले पोते घेऊन येणार आणि मडके रिकामे करून जाणार. १९१०च्या सुमारास दुधगावच्या विद्यार्थी आश्रमात हा प्रयोग झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला हलली, तेव्हा मूठ तिच्याबरोबर गेली.

या मुठीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. ती पुरुषाच्या खिशातून निघत नाही, बाईच्या हातून निघते. त्यासाठी घरात कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. ती रोजची असल्यामुळे जाणवत नाही. आणि मुख्य म्हणजे ती पोत्यात पडली की हरवते. पाटलाची ज्वारी कोणती, न्हाव्याची कोणती, हे पोत्यातून वेचून काढता येत नाही. ती भाकरी खाणाऱ्या मुलाला आपण कोणाच्या उपकाराखाली आहोत ते कळायला मार्गच उरत नाही. फार तर तो साऱ्या मुलखाच्या उपकाराखाली असतो, आणि ते ओझे वाहणे सोपे. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, आळीपाळीने स्वयंपाक करत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. कोल्हापुरात महाराजांना जे वेगवेगळ्या वाड्यांत करावे लागले, ते त्यांच्याच नावाच्या घरात एका चुलीवर झाले.

पोते नेहमी भरत असे असे मात्र समजू नये. दुष्काळी वर्षी शेतकऱ्याच्या मडक्यातच काही नसे, मग मूठ कुठून येणार? अशा वेळी लक्ष्मीबाई पाटील यांच्या अंगावरचे सोने गेले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या वारल्या. हा प्रसंग आपल्याकडे त्यागाची गोष्ट म्हणून शाळेत सांगतात. मला तो हिशेबाचा प्रसंगही वाटतो. लोकांच्या मुठीवर चालणारे घर तुटीत गेले तर ती तूट कोणीतरी भरावीच लागते, आणि पहिल्यांदा ती भरते घर चालवणारी बाई. तिच्या नावाचे पावतीपुस्तक नसते.

नुसत्या मुठीने भागणार नाही हे भाऊरावांना लवकर उमगले असावे. कमवा आणि शिका ही पुढची पायरी त्यातूनच आली. माळरान खणायचे, विहीर पाडायची, भाजी पिकवायची, इमारतीचे दगड वाहायचे आणि त्यातून स्वतःचे शिक्षण सोडवायचे. १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. दरम्यान जिथे सरकारी शाळा नाही अशा गावांत रयतने पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालवल्या. या शाळांचे नावच बोलके आहे. गाव चावडी किंवा देऊळ द्यायचे, मास्तराची भाकरी सांभाळायचे, आणि मास्तर तुटपुंज्या पैशांवर राबायचा. १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतरच्या गढूळ वातावरणात, मुंबई सरकारने रयतचे अनुदान थांबवले. मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर. अखेर गाडगेबाबांनी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात संस्था तगली, कारण तिची मुळे सरकारी खजिन्यात नव्हती, मडक्यात होती.

याच काळात मुंबईत वेगळ्या तऱ्हेची मूठ बांधली जात होती. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, प्रत्येकाला एक ट्रंक आणि एक वळकटी एवढी जागा, पाळीप्रमाणे निजायचे. गावाहून नवा पोरगा आला की त्याला काम लागेपर्यंत खोली सांभाळायची. गोव्याच्या लोकांचे कूड याच धर्तीचे. धोबीतलावला जेर महालात ते आजही आहेत. गावात शाळेची इमारत उभी राहिली की तिच्या भिंतीवर 'मुंबईकर मंडळा'ची पाटी दिसते, ती या खोल्यांची पुण्याई. यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. इथे इतकेच सांगतो की या खोलीचे दार गावाच्या नावाने उघडे आणि बाकीच्यांना बंद असे. साताऱ्याचे पोते त्या मानाने मोठ्या मनाचे होते.

आता बोईसरहून उत्तरेकडे जाणारी गाडी धरू. वाणगाव, डहाणू रोड, घोलवड. घोलवडला उतरले की बोर्डी. समुद्रकाठी चिकूच्या वाड्या, पारशी आणि इतर बागायतदारांची घरे, आणि १९२०च्या सुमारास सुरू झालेले गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल. या शाळेत आचार्य शंकरराव भिसे आणि चित्रे गुरुजी यांनी हयात घालवली. पण रेल्वेच्या पूर्वेला जंगलपट्टीत शिरले की साताऱ्याचे सगळे गणित उलटते. मूठ द्यायची तर घरात धान्य हवे. वारल्याच्या घरात पावसाळ्याच्या तोंडाला धान्य नसेच. खावटीसाठी तो जमीनदाराच्या दारात उभा. सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल १९३०च्या दशकाच्या अखेरीस आला. त्यात इथल्या वेठीचे आणि लग्नगडी पद्धतीचे वर्णन आहे. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी माणूस बायकोसकट सावकाराकडे राबायचा, वर्षानुवर्षे. अशा घरातल्या पोराकडून शाळेने काय मागायचे? १९४० मध्ये भिसे प्रभृतींनी आदिवासी सेवा मंडळ काढले. अध्यक्ष पुन्हा बाळासाहेब खेरच. एकाच माणसाचे नाव या इतिहासात दोन विरुद्ध ठिकाणी येते, याचे मला नवल वाटत नाही. सत्तेत असलेल्या सज्जनाचे असे होते.

१९४५ हे साल या पट्ट्यात विलक्षण आहे. २३ मे रोजी तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने वेठबिगार बंद, बारा आणे रोज, अशा मागण्या पुढे ठेवल्या होत्या. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड मारला गेला. आणि २४ डिसेंबरला, त्याच मुलखात, बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या, दादरला शिशुविहार चालवलेल्या ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. सोबतीला अनुताई वाघ. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग जिद्दीने शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी. बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंची भेट झाली आणि अनुताई बोर्डीला आल्या, त्या १९९२ मध्ये वारेपर्यंत याच भागात राहिल्या.

या दोघींना जे दिसले ते साधे होते, पण वसतिगृहे आणि शाळा काढणाऱ्या पुरुषांच्या ते लक्षात आले नव्हते. वारली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे असतो. फी माफ करून, वही फुकट देऊन या अडचणी सुटत नाहीत. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडली. कडेवरचा भाऊ एका खोलीत, ताई शेजारच्या वर्गात. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावरच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हटले. आणि जी मुले केंद्रावर येईनात त्यांच्या पाड्यावर सेविका जाऊ लागली. एखाद्या झोपडीचे अंगण झाडायचे, पोरांना गोळा करायचे, नखे कापायची, तोंडे धुवायची, आणि शंख-शिंपले, बिया, पाने, खडे मांडून खेळायला बसवायचे. हीच अंगणवाडी. हे सगळे १९५७ पासून डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडी म्हणून वाढले.

साताऱ्याच्या बाईने मूठ दिली. इथल्या बाईकडे मूठ नव्हती, तिने अंगण दिले. माझ्या मते हा मुठीच्याही पुढचा शोध आहे. वारात मुलगा देणाऱ्याच्या दारात जातो. मूठफंडात दोघेही वसतिगृहात भेटतात. अंगणवाडीत शिक्षण स्वतः याचक होऊन गरिबाच्या दारात उभे राहते आणि जागा मागते. ज्याला आजवर फक्त घेणारा समजले, तो यजमान होतो. परुळेकरांच्या बाजूने पाहणारे म्हणतील की बारा आणे मिळाल्याशिवाय या अंगणात पोर बसेल कशाला, त्याला मालक ओढून नेईल. तेही खरे. वेठ मोडली नसती तर कोसबाडची टेकडी एक सुंदर बेट होऊन राहिली असती. पण रोज वाढला म्हणून पोर आपोआप वाचू लागते असेही नाही. त्या दोन चळवळींनी एकमेकींशी फारसा संबंध ठेवला नाही, याची हळहळ मला इतक्या वर्षांनीही वाटते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. ठाणे जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातला मराठी शब्द देशभर गेला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सरकारने उचलली, ती मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. सेविका ही स्वयंसेविका आहे, तिचे काम सेवा आहे, म्हणून तिला पगार नाही, मानधन. अनुताईंनी स्वतःहून पत्करलेले व्रत सरकारने लाखो बायकांसाठी सेवाशर्त करून टाकले. मंगळसूत्र विकून तूट भरणारी बाई पुन्हा आली, या खेपेस सरकारी खात्यात.

बोईसरसारख्या वाढत्या वस्त्यांत अंगणवाडीला अंगण क्वचितच असते. भाड्याची एक खोली, भिंतीवर फळांची चित्रे, कोपऱ्यात वजनकाटा आणि आहाराची पोती. वारली, भोजपुरी, अहिराणी बोलणारी पोरे एकाच सतरंजीवर बसतात आणि एकाच पातेल्यातली खिचडी खातात. ती कोणाच्या मुठीतली, हे त्यांना कळत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी संप केला, तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. त्यांना मानधन नको होते, वेतन हवे होते, आणि म्हातारपणी पेन्शन. त्या सात-आठ आठवड्यांत राज्यभर हजारो खोल्यांना कुलूप होते.